मदत हवी आहे: डायनाको मार्क ३ या जुन्या ट्यूब अँप्लिफायरची जोडी घ्यावी का? एका अँपचा खर्ज पोकळ

खर्जप्रेमी:
न्यू जर्सीत मार्क ३ ची जोडी विकायला आहे. प्रत्येकी ६० वॉट, दोन केटी८८ (आउटपुट ट्यूब), ड्रायव्हर ट्यूब ६एएन८, एसीचा डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब जीझेड३४. दोन्ही चालू आहेत. आवाज वाढवला की तबल्याचा बायाँ एकावर भरीव, दुसऱ्यावर पोकळ. बायसेटला (ट्यूबचा स्थिर प्रवाह तपासायच्या बिंदूला) दोन्हीकडे १.५६ व्होल्ट बरोबर येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय की ट्यूब थकल्यात, हे कसं ठरवायचं? मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप (स्कोप) मिळेल.

तारजोड:
त्या १.५६ व्होल्टवर विसंबू नका. ११.२ ओमचा तो रेझिस्टर दोन्ही केटी८८ च्या कॅथोडना मिळून एकच आहे. मीटर दाखवतो ती बेरीज, साधारण १४० मिलिअँपिअर. एक ट्यूब ९० आणि दुसरी ५० घेत असली तरी आकडा तोच येणार. हा फरक ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसी म्हणून उरतो, गाभा लवकर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने भरून जातो) आणि पहिला फटका खर्जाला बसतो. गुणगुणही वाढते.

म्हणून आधी दोन्ही अँपच्या केटी८८ च्या जोड्या अदलाबदल करा आणि बायस (ग्रिडचं ऋण व्होल्टेज, त्यावर तो प्रवाह ठरतो) नव्याने लावा. पोकळपणा ट्यूबबरोबर गेला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक आहे.

नाही गेला तर केटी८८ च्या पिन ५ वर (ग्रिड) डीसी मोजा (आत ४९० च्या आसपास व्होल्ट असतात, एक हात खिशात ठेवा). दोन्ही सॉकेटवर सारखंच ऋण व्होल्टेज हवं. एकीकडे कमी असेल तर त्याच अँपमधल्या दोन ट्यूबची जागा बदला. दोष सॉकेटलाच राहिला तर ड्रायव्हरकडून ग्रिडला सिग्नल देणारा कपलिंग कपॅसिटर डीसी गळतोय, ट्यूबबरोबर सरकला तर ट्यूब गॅसी झालीय (आतला निर्वात बिघडलाय). केटी८८ काढून अँप मात्र चालवू नका. भार गेला की एचटी (मुख्य उच्च व्होल्टेज) चढते आणि ५२५ व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर धोक्यात येतो.

शेवटी ८ ओम, १०० वॉटचा डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) लावून स्कोपवर बघा. ६० वॉट म्हणजे २१.९ व्होल्ट आरएमएस. १ किलोहर्ट्झला २० व्होल्टवरच लाट कापली गेली तर ते ५० वॉट झाले. फरक ०.८ डेसिबलचा, त्यासाठी सौदा मोडू नका. ३० हर्ट्झला दोन अँपमध्ये किती तफावत येते ते बघा, ट्रान्सफॉर्मरची खरी परीक्षा तिथे आहे.

सोल्डर:
बायसचा सेलेनियम रेक्टिफायर मूळचाच असेल तर तो आधी बदला. जुना झाला की त्याचा रोध वाढतो, ऋण बायस घटतो आणि ट्यूबच्या प्लेट लाल होतात. १एन४००७ डायोड चालतो, पण दिशा नीट बघा आणि बायस पुन्हा लावा. डिझाइन ११७ व्होल्टचं आहे. तुमच्याकडे प्लगला १२२ येत असतील तर पिन २ आणि ७ मध्ये हीटर ६.६ च्या आत आहे ना, तेही तपासा.

खर्जप्रेमी:
विक्रेता म्हणतो, व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवून फिल्टर कपॅसिटर सुधारून घेतलेत. मग ठेवू का?

सोल्डर:
नका ठेवू. जीझेड३४ चा हीटर तापेपर्यंत तो वाहतच नाही, त्यामुळे व्हेरिअ‍ॅक निम्म्यावर असताना कपॅसिटरला काहीच मिळत नाही आणि पुढे एचटी एकदम येते. ३०/२०/२०/२० मायक्रोफॅरडचा नवा कॅन (चार भागांचा फिल्टर कपॅसिटर) घाला. खर्ज वाढेल म्हणून पहिला भाग १०० मायक्रोफॅरडचा करू नका. जीझेड३४ ला ६० च्या वर नको, चालू करताना आत ठिणगी पडते.