आधी डेलावेअरचे कागद, मग स्वीडन

अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश पूर्वजांचा शोध घेताना थेट स्वीडनच्या चर्चच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करावी, असं सुचवलं जातं. न्यू स्वीडनच्या (अमेरिकेत डेलावेअर नदीकाठची स्वीडिश वसाहत, १६३८–१६५५) वसाहतकऱ्यांसाठी हा रस्ता बहुतेकदा वाया जातो. स्वीडनमध्ये चर्चमधल्या नोंदी देशभर सक्तीच्या झाल्या १६८६ च्या कायद्याने, म्हणजे ही माणसं निघून गेल्यावर. त्यामुळे अमेरिकेतल्या कागदांवरून मागे मागे जा.

सगळ्यात भक्कम टप्पा १६९३ ची यादी. डेलावेअरकाठच्या स्वीडिश कुटुंबप्रमुखांची नावं आणि घरातल्या माणसांची संख्या तीत आहे. मात्र बायकामुलांची नावं नाहीत; ती मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त आणि विल्मिंग्टनच्या होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदींतून जुळवावी लागतात. त्याआधीच्या काळासाठी १६७१ ची जनगणना आणि अपलँड कोर्टाचे (डेलावेअरकाठचं तेव्हाचं न्यायालय) कागद बघा.

खरी गफलत नावांत होते. मोर्टेनचा मुलगा मोर्टेनसन, त्याचा मुलगा अँडर्स झाला तर अँडर्सचा मुलगा अँडर्सन! आडनाव पिढीगणिक बदलतं, पुढे इंग्रजी अंमलात कुठेतरी गोठतं. मोर्टेनसनचं मॉर्टन झालं; अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन मॉर्टन याच घराण्यातला. म्हणून केवळ आडनाव जुळलं की नातं जोडू नका. शेजारी, साक्षीदार, जमिनीची हद्द हे तिन्ही जुळलं पाहिजे. पुष्कळ जण मुळात फिनिश होते, हेही ध्यानात असू द्या.

तारखा उतरवताना जपा: इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १६९९ म्हणजे आपल्या हिशेबाने १७००.