दसऱ्याला झेंडूची तोडणी आणि गाडी यांचा मेळ कसा बसवायचा? (कळमेश्वर–नागपूर)

प्रश्न – कळमेश्वरचा मळा
नमस्कार मंडळी. कळमेश्वरकडे दोन एकर झेंडू आहे, पिवळा आणि केशरी. शिवाय दहा गुंठे पॉलीहाऊसमध्ये जरबेरा आहे. यंदा दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी. शेवटच्या तीन दिवसांत झेंडूच १५ ते १८ क्विंटल निघेल. निम्मा नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) नेताजी फूल मार्केटला आणि निम्मा रायपूरला पाठवायचा विचार आहे. माल पोत्यात जातो. पोत्याच्या मधली फुलं काळी पडतात, अशी अडत्याची तक्रार आहे. तोडणी कधी करावी, गाडी केवढी लागेल, रेफर व्हॅनचा (माल गार ठेवणाऱ्या गाडीचा) खर्च परवडेल का?

उत्तर १ – फुलबाग
भाऊ, काळी पडण्याचं कारण पोत्यातली उष्णता आहे. तोडलेलं फूल श्वास घेत राहतं आणि ऊब सोडतं. तीस किलोच्या पोत्यात मधल्या फुलांची ऊब बाहेर निघायला वाटच नसते. त्यात दव किंवा पावसाचं पाणी असलं की चार-पाच तासांत आंबूस वास सुटतो आणि पाकळ्या तळापासून गळतात. वजन वाढावं म्हणून पाणी मारणारेही असतात, त्यांचा माल सर्वांत आधी सडतो.

भाजीचे प्लास्टिक क्रेट घ्या, बाजूंना जाळी असलेले. तळाला वर्तमानपत्राचा एकच थर द्या आणि क्रेटमागे १० किलोच्या वर जाऊ नका. फुलं काठाच्या दोन बोटं खाली राहिली पाहिजेत, नाहीतर वरचा क्रेट खालच्या फुलांवर बसतो.

तोडणी दोन भागांत करा. संध्याकाळी ४ ते ६:३० ची तोडणी बर्डीसाठी. ही फुलं कोरडी असतात. रात्री शेडमध्ये ताडपत्रीवर वीतभर थरात पसरा, पंखा लावा आणि क्रेट मध्यरात्रीनंतर भरा. सकाळी दव उडाल्यावरची तोडणी रायपूरसाठी ठेवा. तीही दिवसभर सावलीत पसरा आणि रात्रीच्या गाडीला द्या. तोडल्या तोडल्या भरायचं नाही, एवढं पाळलं तर तुमची निम्मी तक्रार संपेल.

उत्तर २ – मंडी आणि मोटर
गाडीचा हिशेब. नऊ फुटी पिकअपच्या हौद्यात ६० × ४० सेंटिमीटरचे सुमारे १६ क्रेट एका थरात बसतात. पाच थर म्हणजे ८० क्रेट, ८०० किलो. झेंडूत वजनाआधी जागा संपते, म्हणून दीड टनाची गाडी आहे म्हणून दीड टन फुलं जातील असं धरू नका. ताडपत्री फक्त वरून बांधा, बाजू मोकळ्या सोडा. रोज सहा क्विंटल निघणार असतील तर बर्डी आणि रायपूर मिळून ६० क्रेट भरतील. पण रायपूरचे रिकामे क्रेट दोन दिवस परत येत नाहीत, तेव्हा १२० तरी जमवा. क्रेटवर ऑइल पेंटने खूण करा, नाहीतर अडत्याच्या गाळ्यावर ते दुसऱ्यांच्या क्रेटमध्ये मिसळतात.

बर्डीला पहाटे ४ च्या आत गाडी लागली पाहिजे. किरकोळ विक्रेते आणि हारवाले तेव्हाच माल उचलतात, सातनंतर भाव त्यांच्या हातात जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर एक-दोन दिवस आधीपासूनच लाखो लोक येतात. त्या भागातले रस्ते वाहनांना बंद होतात किंवा वळवले जातात. वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या दिवशी वाचून ड्रायव्हरला रस्ता ठरवून द्या. दीक्षाभूमी चौकाचा विचारच नको, काटोल रोडने सरळ आत या.

आणि सगळा माल दसऱ्याच्या पहाटेवर ठेवू नका. त्या दिवशी प्रत्येक शेतकरी माल घेऊन उभा असतो. खंडेनवमीला हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, त्यांना फुलं आदल्या संध्याकाळी हवी असतात. अशा दोन-तीन कारखान्यांशी आत्ताच बोलून ठेवलं तर तो माल अडतीशिवाय जातो.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी पडलं. रायपूरला ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पाठवलं तर चालेल का? आणि रेफरचं राहिलं.

उत्तर ३ – मंडी आणि मोटर
मागे इंजिन असलेल्या बसची डिक्की तापते. पुढच्या किंवा मधल्या कप्प्यात जागा मिळाली तरच द्या. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) क्रेटची संख्या लिहून घ्या. उतरवून घेणारा माणूस बस पोचण्याआधी तिथे उभा हवा, कारण क्रेट रस्त्याकडेला ठेवून बस पुढे निघते. तीस क्रेटच्या वर माल असला तर दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून एक पिकअप केलेली बरी. रायपूर सुमारे ३०० किलोमीटर आहे, रात्री आठला निघालेली गाडी पहाटे बाजार उघडताना पोचते.

झेंडूला एका रात्रीच्या अंतरासाठी रेफर नको. रेफर व्हॅन थंड माल थंड ठेवते, गरम माल थंड करायला ती बनलेली नाही. शीतगृहात आधी गार न केलेले क्रेट आत ठेवले तर मधले क्रेट गरमच राहतात. शिवाय गार फुलं एकदम बाजारातल्या हवेत काढली की त्यांच्यावर पाणी सुटतं.

उत्तर ४ – पॉलीहाऊस
जरबेरा झेंडूच्या गाडीत टाकू नका. दांडा कापायचा नाही, तळाशी धरून वाकवून ओढायचा. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन ओळी उमलल्या की फूल तयार. त्याआधी काढलं तर मान टाकतं. प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी, दहांची जुडी, आणि बादलीत चार बोटंच पाणी, थोडं क्लोरीन घालून. पाणी जास्त असलं तर केसाळ दांडा खालून कुजतो. तीन-चार तास पाणी प्यायल्यावर खोक्यात आडवे भरा.

उत्तर ५ – फुलबाग
मजुरांचं आजच पक्कं करा. एक बाई सकाळच्या चार तासांत ३० ते ३५ किलो तोडते, सहा क्विंटलला १७ ते २० बाया हव्यात. त्याच दिवसांत कापसाची वेचणी सुरू होते आणि कुठे सोयाबीनची सवंगणीही (कापणीही) उरलेली असते. पावसाची शक्यता दिसली तर तोडणी एक दिवस अलीकडे घ्या. भिजलेलं फूल झटकून पंख्याखाली कोरडं होईपर्यंत क्रेटमध्ये भरू नका, गाडी उशिरा निघाली तरी चालेल.