आईचा टू-डी इको: 'मॉडरेट' लिहिलंय, थांबावं का?

डिचोलीकर:
आई ५४ वर्षांची. घराची चढण चढताना धाप लागते, रात्री दोन उशा घेऊन निजते. आम्ही वजनावर खापर फोडत बसलो. शेवटी खासगीत इको (हृदयाची सोनोग्राफी) केला: मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) अरुंद झालाय, मॉडरेट, व्हॉल्व्ह १.३ चौरस सेंमी. 'मध्यम आहे, सहा महिन्यांनी या' म्हणाले. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. दुसरं मत आत्ताच घ्यावं का? कुठे?

अबोली:
शब्द सोडा, आकडा बघा. निरोगी मायट्रल ४ ते ६ चौरस सेंमी उघडतो. पूर्वी १ च्या खाली गेला तरच सिव्हियर, म्हणजे गंभीर, म्हणायचे. २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांपासून १.५ किंवा कमी म्हणजे सिव्हियर. रिपोर्ट मात्र अजून जुन्या पट्टीने लिहिले जातात. त्यात धाप लागतेय, म्हणजे सहा महिने नकोच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कार्डिओलॉजीला दाखवा. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, विचारा.

डिचोलीकर:
विचारलं. शाळेत असताना गुडघे सुजलेले, आजीने तेल चोळून बरे केले म्हणे!

अबोली:
गुडघे बरे होतात हो, व्हॉल्व्ह नाही होत. रुमॅटिक तापाची हीच खोड, वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. आता विल्किन्स स्कोअर, म्हणजे व्हॉल्व्ह किती बिघडलाय त्याचे गुण, किती ते विचारा. पाकळ्यांची हालचाल, जाडी, खालच्या दोऱ्या आणि कॅल्शियम, प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज ८ पर्यंत असली तर बहुधा शिरेतून फुगा नेऊन उघडता येतो, छाती खोलावी लागत नाही. त्याआधी घशातून नळी घालून इको करतात, डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना ते बघायला. आणि ईसीजीत नाडी अनियमित आहे का तेही विचारा. असली तर रक्त पातळ करायची गोळी लागेल.

केपेकर:
माझ्या काकांचाही व्हॉल्व्ह १.३ होता, त्यांना खरंच मॉडरेट म्हणाले.

अबोली:
त्यांचा एऑर्टिक, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर जातानाचा व्हॉल्व्ह, असेल. तो मुळातच लहान, तिथे सिव्हियरची रेघ १ वर. दोघांची तुलना नको.

केपेकर:
हां, एऑर्टिकच. बरं, नुसता कागद नेऊ नका, इकोची सीडी मागून घ्या. दीनदयाळ कार्डही (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) असू दे.

डिचोलीकर:
सोमवारी पहिल्या कदंबा बसने निघतो. आई म्हणते माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची चौकट) बांधून मग जाऊ. माटोळी यंदा मी बांधेन म्हटलं, तर हसायला लागली आणि त्यातही धाप लागली.