एम्पररच्या 'निष्ठे'चे गोडवे आता पुरे

हिमकण:
काल इथे एकाने एम्परर पेंग्विनच्या जोडीचा फोटो टाकला. वर ओळ, 'एकदा जमलं की मरेपर्यंत साथ, माणसांनी शिकावं.' खाली नुसते बदाम. मला राहवलं नाही. एम्पररच्या जेमतेम 15 टक्के जोड्या पुढच्या हंगामात एकत्र येतात. त्यांना घरटंच नसतं, मग कुठे भेटायचं? अॅडेली जातीचे पेंग्विन दगडगोट्यांचं घरटं करतात, वर्षानुवर्षं त्याच जागी येतात, म्हणून त्यांना जुना जोडीदार सापडतो. एम्पररला वाट बघत बसणं परवडत नाही. उशीर झाला की पिल्लाला पाण्यात टिकणारी पिसं यायच्या आत पायाखालचा बर्फ फुटतो. यात बेइमानी नाही, तशी निष्ठाही नाही.

दर्यावर्दी:
टक्केवारी मान्य. पण दोन महिन्यांहून जास्त अंडं पायांवर घेऊन, उणे 40 अंशांत, काळोखात उभा राहणारा बाप तुम्हाला दिसत नाही? जोडी जमण्यापासून धरलं तर जवळजवळ चार महिने पोटात काही नाही, वजन 40 टक्क्यांच्या आसपास घटलेलं. मादी परतते तेव्हा हजारोंच्या कलकलाटात एकमेकांना आवाजावरून ओळखतात. याला निष्ठा नाही तर काय म्हणायचं?

पूर्वरंग:
पुन्हा बापच! प्रत्येक लेखात 'आई समुद्रावर खायला गेली' असं एका ओळीत उरकतात, जणू ती सहलीला गेली. महिनाभराहून जास्त उपाशी राहून तिने जवळपास अर्धा किलोचं अंडं घातलेलं असतं. त्यानंतर कधी कधी शंभर किलोमीटर बर्फ तुडवत ती पाण्यापर्यंत जाते आणि पिल्लासाठी पोट भरून परत येते. बाळ तीन महिन्यांचं असताना मी कामावर रुजू झाले. नवरा बाटलीने दूध पाजायचा म्हणून त्याचं कोण कौतुक! मी रात्री तीनला उठायचे, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

दर्यावर्दी:
तुमच्या घरचा राग माझ्यावर काढू नका. आई गेल्यावर मला वडिलांनी एकट्याने वाढवलं, त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. मादीला उशीर झाला तर तो उपाशी नर स्वतःच्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून पिल्लाला भरवतो. ते वाचताना माझे डोळे भरून येतात.

पूर्वरंग:
तुमच्या वडिलांबद्दल मला आदरच आहे. पण तो स्राव काही दिवसच पुरतो. ती आलीच नाही तर पिल्लू मरतं आणि नर समुद्राकडे निघून जातो. हे का नाही लिहिलंत?

शेवाळ:
तुम्ही दोघंही पक्ष्यांच्या अंगात माणसं घुसवताय. 1911-12 मध्ये मरे लेविक नावाचा डॉक्टर अंटार्क्टिकातल्या केप अडेअरला होता. अॅडेली नर मेलेल्या माद्यांशीही संग करताना त्याने पाहिले आणि इतका हादरला की वहीतल्या त्या नोंदी ग्रीक लिपीत केल्या. त्या भागाचं टिपण मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचलं ते थेट 2012 मध्ये. तेव्हा वाईट दिसलेलं लपवलं, आता गोड दिसणारं तेवढं मिरवतात.

हिमकण:
हेच मी म्हणतोय! पिल्लू गमावलेली एम्परर मादी दुसरीचं पिल्लू पळवू पाहते, कारण प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तिच्या रक्तात अजून चढलेलंच असतं. तिला मायाळू म्हणणार की चोर? आणि 2022 साली अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंगशॉसेन समुद्रात बर्फ वेळेआधी फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचलं नसावं. त्या फोटोखाली याबद्दल एक शब्द नव्हता, माझी चिडचिड त्याची आहे.

दर्यावर्दी:
ठीक आहे, 'मरेपर्यंत साथ' चूक. फोटो माझ्या मित्राने टाकलाय, ती ओळ काढायला सांगतो. पण एका हंगामापुरती का होईना, ती निष्ठाच आहे. तो शब्द मी मागे घेणार नाही.

पूर्वरंग:
नका घेऊ. मित्राला एवढं सांगा, पुढच्या वेळी समुद्राकडे चाललेल्या मादीचाही फोटो टाक.