'अभिमान'चा शेवट समेटाचा की माघारीचा?

अबोली

हृषीकेश मुखर्जी यांचा 'अभिमान' (१९७३) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सातवीत होते. शेजारच्या काकूंनी भाड्याने कॅसेट आणली होती आणि चाळीतल्या आम्ही सगळ्या मुली त्यांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. त्या वयात कथा अगदी सरळ वाटली होती. सुबीर लोकप्रिय गायक, उमा त्याची गुणी बायको. ती त्याच्याहून मोठी होते, त्याला ते सोसत नाही, घरात दारू येते, दुरावा येतो आणि अखेरीस व्यासपीठावर दोघे एकत्र गातात. आम्ही रडलो, डोळे पुसले आणि सगळे ठीक झाले अशा समाधानात घरी जेवायला गेलो.

लग्नाला तेवीस वर्षे झाल्यावर गेल्या आठवड्यात तो पुन्हा पाहिला, आणि या वेळी ते समाधान काही मिळाले नाही. गंमत म्हणजे मला भांडणाच्या प्रसंगांनी फारसे अस्वस्थ केले नाही. सुरुवातीच्या गोड प्रसंगांनी केले. यापुढे आम्ही दोघे एकत्रच गाणार, असे सुबीर मोठ्या कौतुकाने जाहीर करतो. त्यात दुष्टपणा मुळीच नाही, पण ते ठरवताना उमाला कोणी विचारल्याचे दिसत नाही. पुढे तिने एकटीने गावे म्हणून तिचे मन वळवणाराही तोच. म्हणजे गाणे सुरू करायचे ते त्याच्या हौसेखातर, आणि ते थांबवायची वेळ येते तीही त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून.

शेवटाविषयी तर माझ्या मनात मोठाच प्रश्न उभा राहिला. मूल गमावल्यावर उमा दगडासारखी झाली आहे, आणि तिला बोलते करण्यासाठी सुबीर जे गीत गातो ते नेमके येणाऱ्या बाळाविषयीचे आहे. ती रडते, मग गाऊ लागते आणि चित्रपट संपतो. हा समेट मानायचा, की ती पुन्हा त्या जुन्याच 'आम्ही दोघे एकत्रच गाणार' या व्यवस्थेत परत येते असे म्हणायचे? ज्यांनी तो मोठेपणी पुन्हा पाहिला असेल त्यांचे मत वाचायला आवडेल.

जुना रसिक

अबोलीताई, प्रश्न चांगला आहे, पण मी त्याचे उत्तर संवादांपेक्षा गाण्यांत शोधीन, कारण हा चित्रपट गायकांचा आहे आणि सचिनदेव बर्मन यांनी त्यातली निम्मी गोष्ट स्वरांतूनच सांगितली आहे.

यात एकूण सात गीते आहेत. त्यांत नायकाच्या वाट्याला एकट्याने गायचे गीत एकच, 'मीत ना मिला रे मन का', आणि तेही अगदी सुरुवातीला, उमा त्याच्या आयुष्यात येण्याआधी. उरलेल्या सहांपैकी तीन उमाची एकटीची आणि तीन युगुलगीते. लहानपणी ही मोजदाद कोणी करीत नाही. परंतु सुबीर एवढा मोठा गायक आहे असे आपल्याला सांगितले जाते आणि प्रत्यक्षात आपल्या कानांवर उमाच अधिक पडते, हे त्याच्या घुसमटीचे कारण आपणही नकळत अनुभवत असतो.

आणखी एक बाब पाहा. सुबीरला आवाज तीन गायकांचे आहेत: किशोरकुमार, 'तेरी बिंदिया रे'मध्ये मोहम्मद रफी आणि 'लूटे कोई मन का नगर'मध्ये मनहर उधास. उमाच्या या सहाही गीतांना मात्र लता मंगेशकर यांचाच आवाज. हे मुद्दाम केले असेल असा माझा दावा नाही, कारण त्या काळी संगीतकार गीतागणिक आवाज बदलीत असत. तरीही पडद्यावर परिणाम असा होतो की उमाला स्वतःचा असा एक ठाम स्वर आहे आणि सुबीरचा स्वर दर वेळी नवा. (उमाच्या तोंडचे शिवस्तोत्र तेवढे लताबाईंचे नाही, ते अनुराधा पौडवाल यांचे. त्यांचे पती अरुण पौडवाल बर्मनदांचे साहाय्यक होते आणि अनुराधाबाईंची चित्रपटातली सुरुवात या काही ओळींनी झाली.)

शेवटाबद्दल मी आपल्याशी सहमत नाही. 'तेरे मेरे मिलन की ये रैना' या गीताची चाल रवींद्रनाथांच्या एका गीतावर बेतलेली आहे. सुबीर एकटा सुरुवात करतो, त्याचा गळा भरून येतो, आणि उमाने साथ दिल्यावाचून ते गीत पुरे होत नाही. ज्या माणसाला आपल्या एकट्याच्या नावाची एवढी काळजी होती तो भर सभेत अपुरा ठरणे पत्करतो. मला हा समेटच वाटतो, आणि त्यात झुकतो तो सुबीर.

पाऊलवाट

रसिककाका, तुमची सात गीतांची मोजदाद मनापासून पटली, परंतु निष्कर्ष पटला नाही. याच दिग्दर्शकाचा 'अनुराधा' (१९६०) सोबत ठेवून पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. त्यात लीला नायडू यांनी साकारलेली अनुराधा नावाजलेली गायिका आहे. ती खेड्यात रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरशी, म्हणजे बलराज साहनींशी, प्रेमविवाह करते आणि संसाराच्या रामरगाड्यात तिचे गाणे हळूहळू सुटत जाते. नवरा मत्सरी नाही, व्यसनी नाही, उलट ध्येयवादी आहे. त्याचे फक्त तिच्याकडे लक्ष नाही. ती घर सोडून पुन्हा गाण्याकडे जाण्याच्या उंबरठ्यावर येते, आणि घरी आलेला एक वडीलधारा पाहुणा तिच्या त्यागाची थोरवी बोलून दाखवतो तेव्हा डॉक्टरचे डोळे उघडतात. ती राहते. पंडित रविशंकर यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

तेरा वर्षांच्या अंतराने तोच दिग्दर्शक त्याच प्रश्नाकडे परत येतो. एका बाईचे गाणे दुर्लक्षाने थांबते, दुसरीचे मत्सराने. आणि दोन्हीकडे उपाय एकच, नवऱ्याला उपरती होणे. त्या बाईचे गाणे तिचे स्वतःचे आहे, त्याला कोणाच्या उपरतीची वाट पाहण्याचे कारण नाही, ही शक्यता मुखर्जींच्या अगदी जवळ येते आणि निसटते. त्यांना ती दिसत नव्हती असे मात्र नाही. स्वागतसमारंभात दोघांचे गाणे ऐकून डेव्हिड यांचे पात्र काय बोलते ते आठवा. उमा सुबीरपेक्षा सरस आहे, हे त्या वृद्ध जाणकाराला पहिल्याच गीतात कळते आणि आनंदाऐवजी त्याला काळजी वाटू लागते. लहानपणी तो प्रसंग मला कंटाळवाणा वाटला होता. आता सगळा चित्रपट त्या काळजीत सामावला आहे असे वाटते.

साधा प्रेक्षक

मी सुबीरच्या बाजूने नव्हे, पण सुबीरच्या जागेवरून लिहितो. मी आणि माझी पत्नी एकाच क्षेत्रात नोकरीला. काही वर्षांपूर्वी तिला माझ्याआधी बढती मिळाली. मी पेढे वाटले, सर्वांच्या देखत तिचे कौतुक केले, आणि त्यानंतर साधारण सहा महिने घरात विनाकारण चिडचिड केली. भाजीत मीठ कमी आहे, वर्तमानपत्र जागेवर नाही, असल्या गोष्टींवरून. ही चिडचिड कशाची आहे हे मला ठाऊक होते आणि तिलाही. आम्ही दोघेही त्याबद्दल बोललो नाही.

त्यामुळे मोठेपणी चित्रपट पाहताना एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. उमा सुबीरचा अपमान कधीच करीत नाही, उलट ती जितकी नमते तितका तो अधिक चिडतो. समोरच्याचा दोषच नसेल तर राग कुठे ठेवायचा, हा त्याचा खरा पेच आहे. सुबीर साकारणाऱ्या अमिताभ बच्चन यांचा 'जंजीर' याच वर्षी आला आणि त्यातल्या रागाचे पुढे केवढे कौतुक झाले. पण 'अभिमान'मधला हा क्षुद्र, घरगुती राग करून दाखवणे मला अधिक अवघड वाटते.

जाता जाता सुबीरची मैत्रीण चित्रा हिच्याविषयी. 'जंजीर'मध्ये मोना झालेल्या बिंदू यांना इथे पाहताना आता ही संसार मोडणार, अशी आमची लहानपणी खात्री होती. प्रत्यक्षात तिचा सुबीरवर जीव आहे, हा आपला नाही हे तिला कळते आणि तरी ती समंजसपणे वागते. तिचे पुढे काय झाले हे कोणीही विचारीत नाही.

मनस्वी

शीर्षकाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही म्हणून लिहिते. हिंदीत अभिमान म्हटले की गर्व, अहंकार हा अर्थ आधी येतो, आणि तो सुबीरला लागू पडतो. दिग्दर्शक मात्र बंगाली आहेत, आणि बंगालीत हा शब्द आपल्या माणसाकडून दुखावले गेल्यावर मनात धरलेल्या रुसव्यासाठी वापरतात. परक्यावर असा अभिमान करता येत नाही. त्या अर्थाने हे शीर्षक उमाच्या मौनाचे आहे. ती भांडत नाही, खुलासा मागत नाही, निघून जाते आणि बोलेनाशी होते. म्हणून तिचे शेवटी रडणे मला माघार वाटत नाही. रुसवा ज्याच्यावर धरला त्याच्यासमोरच तो सुटतो.

मराठीत आपण हा शब्द आणखी वेगळ्या अर्थाने, बहुधा 'मला तुझा अभिमान वाटतो' असा वापरतो. सुबीर हे वाक्य कधी म्हणतो का, ते शोधण्यासाठी मी पुन्हा एकदा पाहणार आहे.

अबोली

सर्वांचे आभार. मनस्वी, बंगाली अर्थ मला ठाऊक नव्हता. त्यामुळे उमाच्या मौनाकडे मी निव्वळ आजार म्हणून पाहत होते, ते चुकले. तरीही पाऊलवाट यांचा मुद्दा मनातून जात नाही. रुसवा सुटला हे मान्य केले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मात्याचा फोन आला आणि त्याला फक्त उमाचेच गाणे हवे असले, तर तो फोन उचलणार कोण?

काल रात्री हेच मी नवऱ्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तू काही वर्षे पेटी शिकत होतीस ना? ती का सोडलीस?" मला कारण आठवेना. आज माळ्यावरून पेटी खाली काढली आहे. भाता फाटला आहे आणि तीन पट्ट्या बोलत नाहीत.