जुने सिनेमे बघून सिनेमा बघायला कसे शिकलात? (अनुभव धागा)

टिळकवाडीकर
काल लेक 'संत तुकाराम' बघत होती, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६चा. मी आत कणीक मळत होते. आवलीचा त्रागा कानावर आला आणि बाबा आठवले. टीव्हीवर हा सिनेमा लागला की म्हणायचे, "तुकारामाकडं सगळेच बघतात, तू आवलीकडं बघ." तिथून माझी शिकवणी सुरू झाली. तुकाराम झालेले पागनीस गाण्यात हरवलेले आणि आवली झालेल्या गौरीबाई पोरं, म्हैस, चूल यांत अडकलेल्या. ती चूल खरी वाटते म्हणून पुढचा देवही खरा वाटतो. पुण्याला जाऊन सिनेमाचा कोर्स करणं जमणारं नव्हतं, एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघणं जमलं. तुम्ही कसं शिकलात? लिहा.

निपाणी_नाका
आवाज बंद करून बघायचा. 'कागज के फूल' (१९५९) असाच बघितलाय. स्टुडिओत वरून येणारा तो उजेडाचा झोत आहे ना, तो मोठे आरसे लावून आत वळवलेलं ऊन आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती, आपल्या म्हैसूरचे! फाळके पुरस्कार मिळालेले पहिले छायालेखक. तेव्हापासून कुठलाही सिनेमा बघताना आधी उजेड कुठनं येतोय ते शोधतो.

वडगावची_वैनी
मला 'कुंकू'बद्दल लिहायचंय. भाकऱ्या टाकून येते.

खानापूर_रोड
आमचं शिक्षण कन्नडमधनं. शेजारच्या अक्कांनी 'घटश्राद्ध' (१९७७, कासरवळ्ळी) बघायला बसवलं. खाली अक्षरं नव्हती, अक्का मधे मधे सांगायच्या. मग त्यांनी सांगणं बंद केलं आणि तरी सगळं कळत होतं, कारण आपण त्या लहान मुलाच्या, नाणीच्या नजरेनं बघत असतो. मोठी माणसं काय करालीत ते त्यालाही अर्धंच कळतं. शेवटी केशवपन केलेली विधवा यमुना झाडाखाली बसलेली दिसते. अक्का उठून आत गेल्या. सिनेमा कुणाच्या डोळ्यांनी दाखवलाय हे विचारायला मी तिथं शिकले. सीमाभागात राहून मराठी-कन्नड दोन्ही बघता येतं, हे केवढं मोठं आहे.

शहापूरचा_बाळू
अक्का म्हणजे पोस्टाच्या मागच्या काय? त्यांच्या चकल्या अजून आठवतात.

खानापूर_रोड
नाही ओ, त्या वेगळ्या. ह्या आता धारवाडला असतात.

अनगोळ_७
सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली'. माझी आई गेली त्या वर्षी बघितला. हरिहर गावाहून येतो, लेक दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नसतं, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो. त्याची बायको सर्वजया कोसळते, पण तिचा टाहो ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य. रायांनी रडण्याचा आवाज का काढला असेल यावर मी कितीतरी दिवस विचार केला. माझं उत्तर असं, की रडणं ऐकलं असतं तर ते तिचं राहिलं असतं. वाद्य आलं आणि ते माझं झालं.

टिळकवाडीकर
दादा, काय लिहिलंत. आईंना नमस्कार.

वडगावची_वैनी
आले. 'कुंकू'पण प्रभातचाच, १९३७चा. त्यात वरून लावलेलं पार्श्वसंगीत नाही. घरात जे वाजतं तेच ऐकू येतं. घड्याळ, ग्रामोफोन. म्हातारे केशवराव दाते आणि तरुण शांता आपटे एका घरात, आणि मधे ते घड्याळ. कान देऊन बघा एकदा, अंगावर येतं. सासूबाईंनापण दाखवला, त्या पूर्ण वेळ गप्प होत्या. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

निपाणी_नाका
आणि वैनी, प्रभात सुरू कुठं झाली? १९२९ला कोल्हापुरात! पुण्याला गेली १९३३ला. निपाणीवरून तासाभराच्या वाटेवर हे सगळं घडत होतं.

अनगोळ_७
'सामना' कुणी बघितलाय का परत? श्रीराम लागू आणि निळू फुले समोरासमोर बसलेले असतात तेव्हा कोण ऐकतोय त्याचा चेहरा बघा, बोलणाऱ्याचा नको.

शहापूरचा_बाळू
मग एकत्रच बघूया की. माझ्याकडं प्रोजेक्टर आहे, गच्ची पण आहे. पडद्याला पांढरी चादर लागणार, मोठी.

वडगावची_वैनी
चादर माझ्याकडं आहे. रविवारी नको, घरी पाहुणे आहेत.

खानापूर_रोड
शनिवारी चालेल. शेवटची बस किती वाजता असते ओ?