दंडाची गोष्ट आणि पाकिटातली सीडी

कंपनी सुरू करणाऱ्यांच्या मुलाखतींबद्दल बरेच जण म्हणतात, 'मुलाखती यशस्वी झालेल्यांच्याच होतात, त्यामुळे त्यातून शिकण्यासारखं काही नसतं'. ते मला अर्धंच पटतं. मला जास्त खटकतं ते हे, की दहा वेळा सांगून गोष्ट गुळगुळीत होते. नेटफ्लिक्सचंच बघा. संस्थापक रीड हेस्टिंग्ज यांना भाड्याने आणलेली सिनेमाची कॅसेट उशिरा परत केल्याबद्दल ४० डॉलर दंड बसला आणि त्यातून कंपनी सुचली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी मात्र पुढे स्पष्ट केलं, की सुरुवात अशी झालीच नव्हती. १९९७ मध्ये दोघं एकाच गाडीने कामावर जायचे. रँडॉल्फ वाटेत शाम्पू, कुत्र्यांचं खाणं, अशा धंद्याच्या एकेक कल्पना मांडायचे आणि हेस्टिंग्ज त्या खोडून काढायचे. सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने पोस्टाने पाठवायचं सुचलं तेव्हा हाताशी डीव्हीडीच नव्हती. मग पोस्टात तुटते का हे बघायला गाण्यांची एक वापरलेली सीडी घेतली, साध्या पाकिटात घातली आणि हेस्टिंग्ज यांच्या घरच्या पत्त्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती न तुटता पोचली!

शिकायचं ते या पाकिटात आहे, दंडात नाही. म्हणून मी हल्ली एकाच संस्थापकाच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या दोन मुलाखती लागोपाठ ऐकतो, मिळाली तर सहसंस्थापकाचीही. 'लोकांची अडचण आम्हाला दिसली' वगैरे आलं की पुढे सरकतो. पहिली गिऱ्हाइकं कुठून आणली, पैसे कधी संपत आले, तिथे थांबवून वहीत उतरवतो.